वही पूर्ण ठेवा

यंदा पाचवीत दाखल झालेल्या बालमित्रांनो, आमच्या हायस्कुलात तुमचं स्वागत. मी दहावीत आहे. मार्चनंतर इथे नसेन, म्हणून जाता जाता चार हिताच्या गोष्टी सांगून ठेवतो. शाळा डिजिटल आहे हे फाटकावरच्या फ्लेक्सवर वाचलंच असेल. घाबरू नका, सवय होते.

वर्गात शिरलात की समोर स्मार्ट बोर्ड दिसेल. तो जुन्या फळ्यावरच ठोकलाय, त्यामुळे फळ्याची डावीकडे वीतभर आणि उजवीकडे वीतभर पट्टी उरली आहे. डावीकडे तारीख, वार, पट, हजर. उजवीकडे सुविचार. मधलं सगळं तंत्रज्ञान. बोर्डाला हात लावायचा नाही. तो हात लावल्यावरच चालतो, ही त्याची अडचण झाली, तुमची नव्हे. त्याचं पेन मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा बँकेत.

तास सोपा असतो. सर पेनड्राइव्ह लावतात, कार्टूनमधला एक मुलगा आजोबांना प्रश्न विचारतो, आजोबांना सगळं येतं. शेवटी पडद्यावर प्रश्नोत्तरं झळकतात आणि सर म्हणतात, ‘‘उतरवून घ्या.’’ खरा अभ्यास इथून पुढे. पूर्वी सर फळ्यावर स्वतः लिहायचे. त्यांचा हात दुखला की थांबायचे, तेवढ्यात आपण त्यांना गाठायचो. पडद्याचा हात दुखत नाही. तेव्हा वेग वाढवा. काना-मात्रा घरी जाऊन देता येतात.

उतरवण्याचा हा पाया माझा पाचवीतच पक्का झाला. 2020 साल होतं, तुम्ही बालवाडीत असाल. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा होती. शिक्षण दहाला सुरू व्हायचं आणि पप्पा मोबाईल घेऊन सातलाच डेअरीवर जायचे, म्हणून माझी पाचवी रात्री जेवणानंतर भरायची. मॅडम त्यांच्या वहीचा फोटो ग्रुपवर टाकायच्या. मी तो माझ्या वहीत उतरवायचो, त्याचा फोटो काढून परत पाठवायचो. मग मॅडम अंगठा दाखवायच्या. मराठीत अंगठा दाखवणे या वाक्प्रचाराचा अर्थ वेगळा आहे, पण तो धडा त्या वर्षी झाला नाही. (दहावीची तर परीक्षाच झाली नाही, तरी 2021 ला निकाल 99.95 टक्के लागला. माझा चुलतभाऊ त्या बॅचचा. त्याच्या टक्क्यांवरून घरात अजून मला बोलणी बसतात.)

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड दिसतील. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत असे कोड आणले, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. त्यांच्या शाळेतली पोरं कोड स्कॅन करतात म्हणे. तुम्ही करू नका. आमच्याकडे मोबाईल आणणं शिस्तभंग आहे. ऑफ तासाला कोडातले पांढरे चौकोन पेनानं भरत बसता येतं. दोन पुस्तकं मी पूर्ण काळी केली आहेत.

दप्तराचं ओझंही कमी झालेलं आहे. मी आठवीत होतो, 2023 मध्ये, तेव्हा सरकारनं पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली आणि पुस्तकाचे भाग पाडले. आता वेगळी वही नको, असं ठरलं. आमच्या सरांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘‘छान. आता हे सगळं वेगळ्या वहीत लिहा.’’ कोऱ्या पानांवर आम्ही फुली-गोळा खेळलो. पुढे ती पानं बंद झाली. वही मात्र तिथेच आहे.

आता महत्त्वाचं. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं, आमच्या गल्लीत पोचायला आणखी वर्ष गेलं. त्याआधी निबंध गाईडमधून यायचे आणि वर्गातल्या सगळ्यांनी एकाच वळणावर एकच अपघात पाहिलेला असायचा. आता तसं नाही. परवा ‘माझी आजी’ लिहायला दिला. निम्म्या वर्गाच्या आजीच्या सुरकुत्यांमागे अनुभवाचं शहाणपण दडलेलं निघालं आणि ती आजी संस्कारांची शिदोरी घेऊन फिरत होती. माझी आजी मशेरी लावते, मालिकेतल्या सासूला शिव्या घालते आणि दुधाचा हिशेब तोंडी करते, पण हे वहीत बसत नाही. मीही शिदोरीच उतरवली. बाईंनी सगळ्यांना एकच शेरा दिला, ‘हृदयस्पर्शी भावाविष्कार!’ तो कुठून उतरवला असेल, असा प्रश्न मला पडला. तुम्ही पाडून घेऊ नका. एक पथ्य तेवढं पाळा. शेवटी ‘तुम्हाला हा निबंध आणखी सोपा करून हवा आहे का?’ अशी ओळ असते, ती उतरवायची नाही. आमच्यातल्या दोघांनी उतरवली.

एवढं सांभाळलंत तर दहावीपर्यंत धोका नाही. धोका फक्त लाईट गेल्यावर. पावसाळ्यात तर जास्तच, कारण बोर्ड बंद पडला की सर मोकळे होतात.

गेल्या महिन्यात तेच झालं. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ अर्धं उतरवून झालं होतं आणि लाईट गेली. फळ्याच्या पट्टीवर किरणाकृती मावेना. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली पोषण आहाराच्या खोलीतून खिचडीचं पातेलं मागवलं, खिशातलं पाचाचं नाणं त्यात टाकलं आणि आम्हाला म्हणाले, मागे मागे सरका, नाणं दिसेनासं झालं की थांबा. सगळा वर्ग भिंतीला टेकला. मग त्यांनी तांब्यानं सावकाश पाणी ओतलं आणि कुणी हात न लावता नाणं वर आल्यासारखं दिसायला लागलं. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, ‘‘सर, पाणी खोटं बोलतंय!’’ सर म्हणाले, ‘‘नाणं होतं तिथंच आहे. मग वाकलं कोण?’’ यावर जी भांडणं जुंपली ती घंटा झाली तरी मिटेनात, बाजूच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली, शिस्तीचे तीन तेरा वाजले. पाचाचं नाणंही सरांना परत मिळालं नाही.

लिहून मात्र कुणीच काही घेतलं नाही. वहीतपासणीत त्या तारखेखालचं पान कोरं निघालं आणि सरांनीच लाल पेनानं शेरा मारला, ‘वही अपूर्ण. पालकांची सही आणणे.’

पप्पांनी सही करायच्या आधी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘त्या दिवशी शाळेत गेला नव्हतास काय रे?’’