‘फोन करा, मूल घेऊन जा’ म्हणे!

आमच्या आत्यासासूबाईंनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. अपघातात आईवडील गेलेल्या दोन चिमुकल्या बहिणी, त्यांचा फोटो, खाली मोबाइल नंबर आणि ‘इच्छुकांनी थेट संपर्क साधावा, कागदपत्रांची कटकट नाही’. शेवटी फुकटचं ज्ञान: आश्रमातली मुलं सगळी अनाथच, त्यांना सगळं फुकट, पुढे आरक्षणातून नोकरी ठरलेली. माझं बालपण बालगृहात गेलंय हे ठाऊक असूनही ‘तू बघ गं’ म्हणून मला वेगळाही पाठवला. बघितला.

आत्या, ते ‘थेट संपर्क’ म्हणजे गुन्हा आहे. बाल न्याय कायदा, 2015, कलम 80: अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईबापांनी स्वाधीन केलेलं मूल ठरलेली पद्धत डावलून दत्तक दिलं-घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलाची खरेदी-विक्री झाली की कलम 81, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि ती कटकट कसली, तर मूल आधी बालकल्याण समितीपुढे जातं. त्याच्या माणसांचा शोध घेतला जातो. आईबापांनी स्वतः स्वाधीन केलं असेल तर त्यांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं समितीने जाहीर केल्यावरच ‘कारा’कडे, म्हणजे दत्तक प्रक्रिया सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नोंदणी करून थांबलेल्या पालकांचा नंबर लागतो.

ही कटकट हवीच, कारण आमच्या खोलीतल्या बहुतेक मुलींची आई नाहीतर बाप जिवंत होता. माझी आई होती. वडील गेल्यावर ती लोकांची धुणीभांडी करायची, मालकांच्याच जिन्याखाली झोपायची. मला ठेवणार कुठे? भेटीच्या रविवारी यायची, फाटकाजवळच्या बाकावर मला पुढ्यात बसवून आधी उवा काढायची, मग तेल चोपडायची. बोलायची कमीच. ‘आश्रमातली म्हणजे अनाथ’ असं धरून कुणी मला थेट उचलून नेलं असतं, तर पुढच्या रविवारी फाटकावर तिला काय सांगितलं असतं? एकट्या पालकाला मूल घरीच सांभाळता यावं म्हणून आता राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना 2250 रुपये. असला मेसेज फिरवायचाच असेल तर हा फिरवा.

‘सगळं फुकट’? हो, जेवण, वह्या, गणवेश फुकट. वाढदिवस लोकांच्या पोरांचे आणि ओळीत उभं राहून प्रार्थना आम्ही म्हणायची, मग फोटो, मग केक. एका रविवारी तीन पाहुणे आले की तीन वेळा प्रार्थना, तीन वेळा केक आणि रात्री संडासाबाहेर रांग. जूनमध्ये चपलेचा अंगठा तुटला की मात्र सेफ्टी पिन.

आरक्षणाचं अर्धं खरं आहे. अनाथांना राज्यात 1 टक्का आहे, 2018 पासून. पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, परीक्षाही द्यावीच लागते. आई असलेल्या माझ्यासारखीला ते लागूच नव्हतं.

त्या मुली खऱ्याच असतील तर नंबर चाइल्डलाइनचा, 1098, मेसेजमधला नव्हे. आणि अशा मुलांचे फोटो चव्हाट्यावर मांडायलाही कलम 74 ची बंदी आहे. तेव्हा तो मेसेज काढा. भिशीच्या ग्रुपवरचाही.