फुकटात वेबसाइट करायचा तो मेसेज आणि त्यातल्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या दुकानदारांच्या, पतसंस्थांच्या आणि वाचनालयांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: वेबसाइटसाठी कुणाला पैसे देऊ नका. वर्डमध्ये पान तयार करून ‘सेव्ह ॲज वेब पेज’ करा, नाहीतर फुकटच्या वेबसाइट बिल्डरवर, म्हणजे साइट जुळवून देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, मजकूर आणि फोटो ओढून ठेवा, डोमेनची, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याचीही गरज नाही. मजकूर डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फाइलमधून पेस्ट करा. अक्षरं बिघडली तर जेपीजी करून टाका. कन्नड आणि इंग्रजीसाठी भाषांतराचं बटण लावा.

पैसे वाचवायचा हेतू चांगला आहे, आणि चार पानांच्या साइटला मोठा खर्च लागत नाही हेही खरं. पण आपल्याकडचं पान मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं तीन भाषांचं असतं, आणि तिथे यातली जवळजवळ प्रत्येक सूचना फसते. आधी मजकुराचं बघू, कारण तो चुकला तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर घेतलं तरी उपयोग होत नाही.

‘डीटीपीवाल्याची जुनी फाइल पेस्ट करा’

सगळ्यात महागात पडते ती ही सूचना. पत्रिका, स्मरणिका, वार्षिक अहवाल ही कामं वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टांत झाली आणि कन्नडची कामं नुडी, बरहाच्या जुन्या फॉन्टांत. या जुन्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. कृतीदेवमध्ये ‘निपाणी’ टाइप केलं की फाइलमध्ये साठतं ते एफ, यू, आय, के, टिंब, के, एच. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर ‘निपाणी’ दिसते, पण ग्राहकाच्या फोनवर ती सात रोमन चिन्हंच उमटतात. गूगललाही तीच दिसतात, म्हणून शोधात ते पान कधीच येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हाच शब्द न, वेलांटी, प, काना, ण, वेलांटी अशा सहा खुणांत साठतो आणि फॉन्ट कुठलाही असो, निपाणीच राहतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांचा ढीग झाला तर जुना फॉन्ट आहे. मग मूळ फाइलमध्ये फॉन्टचं नेमकं नाव बघा, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते आणि श्रीलिपीचा मजकूर कृतीदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर हाती काहीच लागत नाही. कन्व्हर्टर बरोबर असला तरी प्रूफ वाचावंच लागतं. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. ‘कर्नाटक’मधला रफार तिथे ‘ना’च्या नंतर असतो, तो उचलून ‘ना’च्या आधी न्यावा लागतो. ‘आर्थिक’ या शब्दात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकाच अक्षरावर येतात, आणि कच्चा कन्व्हर्टर अडखळतो तो तिथेच. पतसंस्थेच्या अहवालात हा शब्द किती वेळा येतो ते मोजून बघा. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘ज्ञान’, ‘श्री’ हे शब्दही शोधून तपासा, आणि रकमा व फोन नंबर मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहा.

नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच मागा. टाइप करणाऱ्याला तसं आधी सांगितलं तर त्याचंही काम दोनदा होत नाही. फाइल साठवताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) निवडा आणि एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या कोडमध्ये, कॅरसेटची (एन्कोडिंग सांगणारी) ओळ हेड या वरच्या भागाच्या अगदी सुरुवातीला ठेवा. ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी लागते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये साठवतं, पण जुन्या संगणकांवर अजून ‘एएनएसआय’ हे मराठी न मावणारं जुनं एन्कोडिंगच पुढे येतं. इथे दोन वेगळे बिघाड होतात, त्यांतला फरक माहीत असायला हवा. मराठीच्या जागी रोमन अक्षरांवर टोप्या आणि टिंबं चढवलेल्या रांगा दिसल्या, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचला जातोय. कॅरसेट नीट केलं की तो परत येतो. नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि फाइल एएनएसआयमध्ये साठवलेली असली, तर अक्षरं पुसली गेली आहेत आणि त्या फाइलमधून ती काढायचा मार्ग नाही. म्हणून मूळ प्रत कधीही त्याच नावाने साठवू नका.

‘अक्षरं बिघडली तर जेपीजी करून टाका’

याने दिसण्यापुरता प्रश्न सुटतो, बाकी सगळे वाढतात. चित्रातला पत्ता शोधता येत नाही, नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनला चित्रातलं भरवशाने वाचून दाखवता येत नाही. दर बदलला तर पुन्हा डिझायनरकडे जावं लागतं. ए४ कागदासाठी केलेलं चित्र सहा इंची फोनवर आलं की वाचायला दोन बोटांनी ताणून इकडून तिकडे सरकवावं लागतं. वाचनालयाची ग्रंथसूची किंवा एखाद्या गावच्या यात्रेची माहिती अशी चित्रात कोंडली, तर ती मराठीत आहे हेसुद्धा जगाला कळत नाही. या भागातला मराठी मजकूर वेबवर आधीच थोडा आहे, तो तरी शोधता येईल असा ठेवायला हवा.

खऱ्या फोटोंबद्दल एवढंच: फोनमधून निघालेला फोटो ३ ते ५ एमबीचा आणि चारेक हजार पिक्सेल रुंद असतो. तो १२०० पिक्सेलवर आणा आणि जेपीजीची क्वालिटी ७५ ते ८० ठेवा. साधारण २०० केबीच्या आसपास बसतो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही.

‘वर्डमध्ये पान करा, सेव्ह ॲज वेब पेज करा’

वर्ड कागदासाठी केलेलं आहे. साध्या वेब पेजमध्ये ते स्वतःच्या सोयीसाठी इतकी स्टाइल भरतं की दहा ओळींच्या मजकुरामागे शेकडो ओळींचा कोड तयार होतो. ‘फिल्टर्ड’ हा पर्याय घेतला की तो बराच कमी होतो, पण पॉइंटमध्ये मोजलेली मापं आणि ठरावीक रुंदीचे तक्ते तसेच राहतात आणि फोनवर पान कडेने बाहेर जातं.

चित्रं नावाच्या शेवटी ‘फाइल्स’ असलेल्या शेजारच्या फोल्डरमध्ये जातात. बहुतेक लोक फक्त एचटीएम फाइल चढवतात, मग फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. फाइलच्या नावांचीही अडचण होते. विंडोजला लहान-मोठी लिपी सारखी, पण बहुतेक होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा) लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर असतं आणि तिथे मोठ्या लिपीतलं जेपीजी व लहान लिपीतलं जेपीजी या दोन वेगळ्या फाइली. घरच्या संगणकावर दिसणारा फोटो साइटवर दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. नावं लहान रोमन लिपीत ठेवा, मध्ये जागा सोडू नका.

वर्डचा उपयोग मजकूर लिहून शुद्धलेखन तपासण्यापुरता करा. तिथून साइटवर नेताना कंट्रोल, शिफ्ट, व्ही दाबून नुसता मजकूर चिकटवा.

‘फुकटचा बिल्डर कायमचा, डोमेन कशाला?’

फुकटची जागा दुसऱ्याची असते. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर फुकट मिळणाऱ्या एकपानी साइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या गेल्या. ज्या दुकानांनी पत्रकांवर, पिशव्यांवर तोच पत्ता छापला होता, त्यांचे ते कागद निकामी झाले. स्वतःचं डोमेन असतं तर मागचं सॉफ्टवेअर बदलूनही पत्ता तोच राहिला असता. डोमेन घेताना नोंदणी तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलवर होते आहे ना, ते स्वतः बघा. साइट करून देणाऱ्याच्या खात्यात ते असलं तर तुमचं असूनही तुमच्या हातात नसतं.

सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: मजकूर बाहेर कसा काढायचा? विक्स या बिल्डरवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टची सोय आहे, पण वर बसवलेले काही पेज बिल्डर प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) काढले की पानावर चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे कोडचे निरर्थक तुकडे, उरतात. म्हणून वर्डप्रेस घेतलं तर त्याच्या मूळ ब्लॉक एडिटरवरच काम भागवा. २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून तो आतच आहे आणि चार-पाच प्रकारच्या पानांना पुरतो.

‘कन्नड-इंग्रजीसाठी भाषांतराचं बटण लावा’

बटणाने झालेलं भाषांतर बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये घडतं, तुमच्या साइटवर कन्नड पान तयार होत नाही. कन्नडमध्ये शोधणाऱ्याला ते सापडत नाही. गल्ल्यांची, आडनावांची, पदार्थांची नावं भाषांतरात जातात ती वेगळीच. प्रत्येक भाषेचं पान वेगळं करा, वेगळ्या पत्त्यावर ठेवा आणि कन्नड मजकूर कन्नड येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, तरी रोमन लिपीत लोक अजून जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग शोधतात. इंग्रजी पानाच्या शीर्षकात एक आणि पत्त्यात दुसरं असं दोन्ही येऊ द्या.

प्रत्येक पानाच्या एचटीएमएल टॅगवर लँग, म्हणजे भाषेची खूण, लिहा: मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’. हे सोडू नका, कारण ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ‘एमआर’ दिल्यावरच ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मुक्तासारख्या देवनागरी फॉन्टमध्ये कन्नड अक्षरं नसतात, म्हणून फॉन्टांच्या यादीत त्याच्यामागे नोटो सॅन्स कन्नड हा फॉन्ट लावा. इंग्रजीसाठी केलेल्या तयार थीममध्ये मथळ्यांना बऱ्याचदा लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये वाढवलेलं अंतर) दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं दिसतं, तर ते ‘नॉर्मल’ करा. ओळीची उंची १.६ ते १.७ ठेवा. त्याहून कमी ठेवली तर मराठीचे उकार आणि कन्नडचे अक्षराखालचे ओत्तू खालच्या ओळीला भिडतात.

मग घ्यायचं काय?

दर महिन्याला काही बदलत नसेल, म्हणजे कुंद्याचं दुकान, साडीचं दालन किंवा दवाखाना असेल, तर प्रत्येक भाषेचं एक पान हाताने लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये पुरतं. त्यासाठी कोड लिहायचा एडिटर म्हणून व्हीएस कोड किंवा नोटपॅड प्लस प्लस घ्या, दोन्ही फुकट आहेत. फ्रंटपेज, ब्रॅकेट्स, ॲटम सुचवणाऱ्या जुन्या याद्या सोडून द्या. फ्रंटपेज २००६ मध्ये थांबलं, ब्रॅकेट्सचा अडोबीचा आधार २०२१ मध्ये संपला आणि ॲटम २०२२ मध्ये बंद झालं. अशा साध्या पानांमागे डेटाबेस नसतो, म्हणून अपडेट राहिलं म्हणून साइट फोडली जाण्याची भीतीही जवळजवळ नसते.

आठवड्याला सूचना टाकायची असेल आणि ती टाकणारी माणसं बदलत असतील, जसं वाचनालयात, शाळेत किंवा पतसंस्थेत, तर वर्डप्रेस घ्या. ॲडमिनची भाषा प्रत्येकाला आपापली ठेवता येते, एकाला मराठी, दुसऱ्याला कन्नड. भाषांची पानं एकमेकांना जोडायला पॉलिलँग या प्लगइनची मोफत आवृत्ती पुरते. प्लगइन मोजकेच ठेवा, अपडेट दर आठवड्याला करा आणि बॅकअपची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा.

कुठलंही पक्कं करण्याआधी एक पान करून बघा. त्यात मराठीची एक ओळ, कन्नडची एक आणि इंग्रजीची एक टाका. ते स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडा, ‘फाइंड इन पेज’मध्ये ‘आर्थिक’ शोधा, फोन नंबरावर बोट ठेवा. मग ज्या माणसाने पुढे पान सांभाळायचं आहे, त्यालाच कुणी न सांगता एक ओळ बदलायला द्या.