‘बिघडलेलं हेअर ट्रान्सप्लांट महिन्याभरात नवं’: फिरत्या मेसेजमधला एकेक दावा

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: “हेअर ट्रान्सप्लांट बिघडलं? घाबरू नका. चुकीचे केस लेझरने साफ करून महिन्याभरात पुन्हा नवीन लावता येतात. डोक्यामागचे केस संपले तर दाढीचे, छातीचे, नाहीतर भावाचे चालतात. मागे पातळ झालं तर पीआरपीने भरून येतं. एकदा लावलेले केस आयुष्यभर टिकतात, औषध लागत नाही.”

भावाच्या केसांचं सोडलं तर प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे. तेवढ्या चिमटीवरच पहिल्यांदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसतो.

“पुन्हा नवीन लावता येतात.”

कुठून आणून? ट्रान्सप्लांटमध्ये केस वाढत नाहीत, फक्त जागा बदलतात. डोक्यामागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातली मुळं टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत आणि दुसरीकडे लावली तरी हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं, आणि आजही सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. या पट्ट्याला डोनर म्हणतात. ग्राफ्ट म्हणजे एकत्र उगवणाऱ्या केसांचा मुळासकट छोटा झुपका, एकात एक ते चार केस. आपल्याकडे डोनरमध्ये एका चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ते ८० ग्राफ्ट असतात. उघडं पडलेलं न दिसता आयुष्यभरात यातून साधारण ५,००० ते ६,००० ग्राफ्ट निघतात. डोनर मुळातच पातळ असेल तर ४,००० सुद्धा नाही.

आता मागणी पाहा. पुढून टाळूपर्यंत पूर्ण टक्कल म्हणजे जवळपास २०० चौरस सेंटिमीटर जागा. तिथे चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे म्हटले तर ८,००० लागतात. म्हणजे सगळं नीट झालं तरी माल कमी पडतो. पहिल्या ऑपरेशनमध्ये ३,००० ग्राफ्ट खर्च झाले आणि त्यातले निम्मे उगवलेच नाहीत, तर ते १,५०० कायमचे गेले.

रावेर-यावलच्या माणसाला हे केळीवरून लगेच कळेल. घड कापला की बुंध्याशी पील असतं, त्यावर पिलबाग धरता येतो. डोक्याला पील नाही. पंच, म्हणजे गोल पात्याचं बारीक हत्यार, मारून मूळ काढलं की तिथे पांढरा ठिपका उरतो, दुसरा केस येत नाही. डोनर ही एकदाच करायची विरळणी आहे. रोपं अंतर राखून उपटली तर शेत भरलेलं दिसतं, एकाच पट्ट्यातून ओरबाडली तर मोकळं रान दिसतं. मूळ दाटीच्या निम्म्याच्या आसपास केस गेले की विरळपणा नजरेला जाणवू लागतो. ‘एका दिवसात ५,००० ग्राफ्ट’ देणारे हीच रेघ ओलांडतात.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी हिशोबाची. डोनरमधले केस एक-दोन मिलिमीटरपर्यंत कापून डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, चार-पाच जागी मोजायचे, काढलेल्या ग्राफ्टचे ठिपके मोजायचे आणि शिल्लक किती ते कागदावर लिहायचं. हे न करता फोटो पाहून आकडा सांगणाऱ्याकडून उठून यावं.

“चुकीचे केस लेझरने साफ.”

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे आहे. लेझर केसाच्या काळ्या रंगातून मुळापर्यंत उष्णता पोचवतो आणि मूळ जाळतो. चुकीच्या जागी लावलेला ग्राफ्टही तुमच्या संपत चाललेल्या ठेवीतला आहे. तो जाळायचा नसतो, उचलून नीट जागी लावायचा असतो.

बिघाड कोणता आहे, त्यावर उपाय ठरतो. पूर्वी ४ मिलिमीटरच्या पंचने एकेका भोकात दहा-वीस केसांचे गठ्ठे बसवत, त्यातून बाहुलीच्या डोक्यासारख्या रांगा दिसायच्या. आजची तक्रार वेगळी असते. हेअरलाइनच्या पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त एका केसाचे ग्राफ्ट हवेत, तिथे तीन-चार केसांचे ठोकलेले असतात. कोन चुकलेला असतो: पुढच्या ओळीतला केस कातडीशी १५-२० अंशांत पुढे झुकलेला हवा, कानशिलावर तर जवळजवळ आडवा. तो काटकोनात उभा केला की कंगवा कसाही फिरवा, केस ताठच. तिसरी चूक म्हणजे हेअरलाइन फार खाली आणि सरळ रेषेत. दोन भुवयांच्या मध्यापासून ती साधारण ७ ते ९ सेंटिमीटर वर असावी आणि कडा किंचित नागमोडी हवी. विशीतल्या पोराच्या हट्टापायी ५ सेंटिमीटरवर बसवलेली रेषा चाळिशीत मागचे केस गेले की टोपीच्या काठासारखी दिसते.

रेषा जागेवर असून फक्त जाड दिसत असेल तर काहीच काढू नये. पुढे एका केसाचे १०० ते ३०० ग्राफ्ट विस्कटून लावले की जाड ओळ मागे लपते. स्वस्तात होणारी दुरुस्ती हीच.

रेषा खाली असेल किंवा कोन चुकला असेल तर ग्राफ्ट काढावे लागतात. ०.८ ते १ मिलिमीटरचा पंच वापरून एकेक ग्राफ्ट अखंड बाहेर काढतात, मायक्रोस्कोपखाली सुटा करतात आणि मागे विरळ जागी लावतात. कपाळाचा १० सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर उंच पट्टा काढायचा तर साधारण ३५०-४०० ग्राफ्ट होतात. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की या ग्राफ्टभोवती जुन्या जखमेचं घट्ट तंतुमय जाळं असतं, आणि कातडीवर दिसणारा कोन आत तसाच असेल याची खात्री नसते. पंच वरच्या कोनाने गेला की मूळ मध्येच कापलं जातं. कापलेलं मूळ कधीकधी बारीक केस देत राहतं, त्यामुळे एका बैठकीत पट्टा साफ होत नाही. दोन-तीन बैठका लागतात, मध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवून.

शिवाय गव्हाळ किंवा सावळ्या कपाळावर पंचचे पांढरे ठिपके उठून दिसू शकतात. म्हणून आधी एका कोपऱ्यात २०-३० ग्राफ्ट काढून तीन महिने थांबावं आणि कातडी कशी भरते ते पाहावं. ही चाचणी सुचवतो तो डॉक्टर घाईत नाही, एवढं त्यावरून कळतं.

मग लेझर कुठे? शेवटी कपाळावर इकडेतिकडे उरलेले, उचलण्याच्या लायकीचे नसलेले सुटे केस. त्यासाठी, आणि तेही आपल्या रंगाच्या कातडीवर १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग जातीचा लेझर बरा, कारण त्याने भाजण्याचा धोका कमी. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. पांढऱ्या केसावर लेझर चालत नाही, तिथे सुईचं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुईतून वीज सोडून मूळ मारणं.

ग्राफ्ट खोल रोवल्याने पडलेले खड्डे आणि उथळ बसवल्याने आलेला गोट्यांसारखा खडबडीतपणा मात्र पूर्ण जात नाही. पुढे केस लावून तो झाकणं हाच व्यवहार्य मार्ग.

“महिन्याभरात.”

लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात. हे बिघडणं नव्हे, मूळ आत शाबूत असतं. तीन-चार महिन्यांनी कोंब दिसतात, निकाल बारा महिन्यांनी कळतो आणि टाळूच्या भोवऱ्यावर दीड वर्षही लागतं. चौथ्या महिन्यात ‘आते काय करानं’ म्हणत दुसऱ्या क्लिनिककडे धावणारे पुष्कळ आहेत. तिथे नवे पंच मारताना उगवू पाहणारी आतली मुळं कापली जातात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात येणाऱ्या बारीक पुटकुळ्याही बहुधा नव्या केसाच्याच असतात.

एका अपवादात मात्र अजिबात थांबायचं नाही. पहिल्या काही दिवसांत लावलेल्या जागेचा एखादा भाग काळा-निळा पडून दुखत असेल, किंवा पू, ताप, वाढती सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फार दाट लावलेले ग्राफ्ट, रक्तस्राव रोखायला टोचलेलं जास्तीचं ॲड्रेनॅलिन, सिगारेट किंवा बेफाम मधुमेह यांनी रक्तपुरवठा तुटून कातडी मरते. त्या जागेवर नंतर केस धरणं फार कठीण.

निकाल वाईट आला तर आधी कारण शोधायला हवं. ग्राफ्ट हवेत सुकले, हाताळताना दबले, पंचखाली कापले गेले, ही नेहमीची कारणं. पण लायकेन प्लॅनोपायलारिससारखा, केसांची मुळं मारून व्रण सोडणारा आजार टाळूत असेल तर दुसरं ट्रान्सप्लांटही तसंच जाईल. शंका आली तर ४ मिलिमीटरची बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा तुकडा, काढायची. तो खर्च दुसऱ्या ऑपरेशनपुढे काहीच नाही.

“दाढीचे, छातीचे चालतात.”

दाढीचे चालतात, पण कुठे ते विचारा. जबड्याखालचे केस जाड आणि वळणदार असतात. टाळूच्या मधोमध डोक्याच्या केसांत मिसळून भरायला आणि मागच्या व्रणात लावायला ते उत्तम, हेअरलाइनला अजिबात नकोत. छातीच्या केसाचा वाढीचा काळ छोटा, त्यामुळे तो आखूडच राहतो आणि किती धरतील याचा भरवसा नसतो.

ग्राफ्टसाठी मागून कातडीची अख्खी पट्टी (स्ट्रिप) कापून काढल्यावर उरलेल्या आडव्या व्रणात रक्त कमी पोचतं. तिथे एकदम दाट न लावता आधी ५०-१०० ग्राफ्टची चाचणी आणि मग चौरस सेंटिमीटरला २०-२५. ग्राफ्टच शिल्लक नसतील तर मायक्रोपिगमेंटेशन, म्हणजे केसाच्या टोकाएवढे रंगाचे ठिपके. दोन ते चार बैठका, काही वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. ओरबाडलेल्या डोनरवर हा सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे, कारण त्याने काही खर्च होत नाही.

“भावाचे चालतात.” नाही. जुळा एकबीज भाऊ सोडला तर शरीर ते केस परके म्हणून नाकारतं. ते टिकवायला किडनी बदललेल्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतील.

“पीआरपीने मागचं भरून येतं.” पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेट्सचा द्रव, जिवंत पण बारीक झालेल्या मुळाला थोडा आधार देतं. मूळच काढून नेलेल्या जागी ते काय वाढवणार? कपाशीतले नांगे नुसतं खत टाकून भरत नाहीत, बी टोचावं लागतं. आणि इथे बीच संपलेलं आहे.

“आयुष्यभर, औषध नको.”

लावलेले केस बहुतेक टिकतात. त्यांच्यामधले आणि मागचे मूळचे केस मात्र जातच राहतात. काही वर्षांनी पुढे लावलेली झुलूप आणि मागे मोकळी टाळू, असं बेट उरतं, मग लोक म्हणतात ट्रान्सप्लांट बिघडलं. मिनॉक्सिडिल आणि डॉक्टरच्या सल्ल्याने फिनॅस्टेराइड १ मिलिग्रॅम हे गळणं लांबवतात. फिनॅस्टेराइडने काहींच्या लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, हे आधी सांगणं डॉक्टरचं काम. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही त्याने निम्म्यावर येतो, म्हणून तिथे गोळीचा उल्लेख करावा.

दुरुस्तीसाठी सुरत, नाशिक, पुण्याची गाडी धरण्याआधी पहिल्या ठिकाणची कागदपत्रं मागा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात आणि तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. त्यात एक, दोन, तीन केसांचे किती ग्राफ्ट, कुठून काढले, कोणत्या पंचने, भूल किती, ऑपरेशन कोणी केलं, हे बघा. ग्राफ्टमागे दर असला की तीन केसांचा एक ग्राफ्ट फोडून तीन दाखवण्याचा मोह होतो, म्हणून केसांचा एकूण आकडाही विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावं लागतं, आणि निकालाची वर्षभर वाट पाहण्यात त्यातलं निम्मं निघून जातं. नंदुरबार-साक्रीकडच्यांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी झाली नसेल तर भूल घेण्याआधी करून घ्यावी.

आता लग्नाचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुहूर्त असेल आणि दुरुस्ती फाल्गुनात केली, तर बोहल्यावर उभा राहताना केस नुकते गळून गेलेले असतील. वर भुसावळचं ४५ अंशांचं ऊन. पहिले दहा-चौदा दिवस खपल्या निघेपर्यंत घाम, धूळ, हेल्मेट आणि ऊन टाळायचं असतं. अशा वेळी केस थोडे लांब ठेवून पुढे वळवावेत आणि विरळ जागी रंग जुळणारे केराटिनचे तंतू भुरभुरून स्प्रेने बसवावेत. हे एका दिवसाचं काम आहे, रात्री शाम्पूने निघून जातं. तालीम मात्र हळदीच्या आधीच करून बघावी. ऑपरेशन पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतरच्या गारव्यात ठेवावं.