घसारा आणि करटाळणी यांत फरक करावा

नफा, आकारमान व कर्जाचा बोजा यांवरून उत्पादक कंपन्यांची करटाळणी ताडता येते, हे लेखातील प्रतिपादन मला अर्धेच पटते. मी अनेक वर्षे एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करतो. आमच्याकडे सप्टेंबर लागला की नवे यंत्र महिनाअखेरपर्यंत सुरू व्हावे म्हणून धावपळ होते, कारण मार्चअखेर संपणाऱ्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून मिळणारी वजावट, निम्माच मिळतो. सवलती कायम ठेवणाऱ्या जुन्या करप्रणालीत १० कोटींच्या यंत्रावर १५ टक्के नेहमीचा आणि २० टक्के अतिरिक्त घसारा धरला, तर पहिल्याच वर्षी साडेतीन कोटींची वजावट होते व प्रभावी करदर, म्हणजे नफ्याच्या तुलनेत प्रत्यक्ष कराचे प्रमाण, खाली येतो. याला करटाळणी म्हणणे अन्यायाचे आहे. कायद्यानेच दिलेली ती सवलत आहे आणि पुढच्या वर्षांत घसारा कमी उरत असल्याने कर बहुतांशी पुढे ढकलला जातो, एवढेच.

खरी चिंता परदेशी मूळ कंपनीकडून भांडवलाऐवजी कर्ज घेऊन व्याजरूपाने नफा बाहेर नेण्याची आहे. म्हणूनच २०१७ च्या वित्त कायद्याने, असे व्याज एक कोटीपेक्षा जास्त असल्यास, त्याच्या वजावटीवर व्याज, कर व घसारापूर्व नफ्याच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली. एकूण कर्जाच्या प्रमाणापेक्षा ते कर्ज कोणाचे आहे, हे लेखकाने आधी तपासायला हवे होते.