गादी, कापूस आणि काकांची हरकत

काका, नमस्कार. स्क्लेरोडर्मा म्हणजे कातडी जाड आणि घट्ट होत जाणारा आजार. 'स्क्लेरोडर्मात कातडीखालची चरबी आधी जाते' या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही लिहिलंत, "उलटं लिहिलंय. गादीचं कापड आवळलं की आतला कापूस दबणारच. आणि उंदरावरचं माणसावर कशाला लादता?"

दुसऱ्या हरकतीत तुमचं बरोबर आहे. 'आधी' हा शब्द उंदरांवरच्या प्रयोगातून आला होता आणि मी ते लिहिलं नव्हतं. लेखात दुरुस्ती केली आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तोवर कातडी बहुधा घट्ट झालेलीच असते, मग आधीचं बघणार कोण?

गादीचं मात्र पटत नाही. उंदरात असा आजार तयार करायला ब्लिओमायसिन हे औषध टोचत राहिलं की कातडी जाड व्हायच्या आतच खालचा चरबीचा थर पातळ होऊ लागतो. आवळणारं कापडच अजून तयार नाही, तरी कापूस कमी! अमेरिकेत जॉन वर्गा यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांच्या चरबीच्या घराण्यातल्या पेशींवर खूण करून माग काढला. पुढे त्याच पेशी कातडीत सापडल्या, चरबीची ओळख पुसलेल्या आणि व्रणाचे तंतू विणणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींसारख्या झालेल्या. टीजीएफ-बीटा हे प्रथिन वाढलं की पेशीला चरबीची पेशी ठेवणारं पीपीएआर-गॅमा मागे पडतं. सोलापुरी हिशेबात सांगते: कापूस नुसता दबत नाही, त्यातल्या काहीचं सूत होऊन कापडातच विणलं जातं.

हे मी पुस्तकाआधी घरात बघितलं. आत्या विड्या वळायची. विडीचं तोंड दुमडायला बोटं वाकावी लागतात, ती वाकेनात. डॉक्टरांनी हाताच्या पाठीवर चिमटी घ्यायला बघितली, कातडी उचललीच जाईना. अशी १७ जागी चिमटी घेतात, प्रत्येकी ० ते ३ गुण. तिच्या बोटांना ३ मिळाले. पण त्या गुणांत खालची चरबी कुठे मोजली जाते? तिचे गाल बसले, तोंड लहान झालं, कडक भाकरी आमटीत पार विरघळवून खायची. घरचे म्हणायचे, पोटाला खात नाही.

"मग तूप खाऊन थर भरेल का?" असं तुम्ही शेवटी चिडून विचारलंत. पोटाची चरबी काढून तोंडाभोवती टोचतात, त्याने काही रुग्णांचं तोंड जास्त उघडायला लागल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. तुपाचं म्हणाल, तर आजीने तीन महिने तिच्या भाकरीवर ओतून बघितलं. गाल होते तसेच राहिले.