शीर्षक बदललं आहे, मुद्दा नाही

ताई, 'तुमचा लेख वाचून सासऱ्यांनी ॲटोर्व्हास्टॅटिन बंद केलं. त्यांना स्टेंट आहे. काही झालं तर जबाबदार कोण? आणि ते पाय दुखणं वगैरे सगळे मनाचे खेळ असतात' ही तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ॲटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी; ती बंद करा असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. पण 'पेशींची वीज तोडणारी गोळी' असं शीर्षक दिल्यावर आतलं कोण वाचतो? ते काल बदललं.

मूळ मुद्दा खराच आहे. स्टॅटिन जे विकर (एन्झाइम) अडवतं, त्याच वाटेवर पुढे कोलेस्टेरॉल बनतं आणि कोएन्झाइम क्यू१० च्या रेणूची शेपटीही. पेशीच्या वीजघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, इलेक्ट्रॉनची ने-आण हे क्यू१० करतं, मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. गोळी सुरू झाली की रक्तातलं क्यू१० उतरतं. मी चुकलो ते यापुढे: क्यू१० उतरलं म्हणजे स्नायूंची वीज तुटते आणि म्हणून ते दुखतात, असं मी धरून चाललो. रक्तात क्यू१० बरंचसं एलडीएलच्याच, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांच्याच, पाठीवर बसून फिरतं, त्यामुळे एलडीएल उतरलं की तेही उतरणारच. स्नायूतही तितकंच घटतं का, याचे निष्कर्ष आपसात जुळत नाहीत. दुखणं स्टॅटिनचंच आहे अशी आधी खात्री करून घेतलेल्या रुग्णांना क्यू१० देऊन पाहिलं (२०१५), तरी दुखणं हटलं नाही. त्या महागड्या कॅप्सूलची मी केलेली भलामण मागे घेतो.

आता मनाचे खेळ. २०२० च्या सॅमसन चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासाचा ९० टक्के भाग नकली गोळीवरही जाणवला! इथवर तुमचं बरोबर.

पण सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन २००१ मध्ये बाजारातून काढावं लागलं, ते स्नायू विरघळून माणसं दगावली म्हणून. आणि आमची आई. सिमव्हास्टॅटिन वर्षानुवर्षं सुखाने घेत होती. एका पावसाळ्यात कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढायला लागली. 'वय झालं,' एक डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यांनी तिची पिशवी टेबलावर उलटी केली, तर घशासाठी दिलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनची अर्धी स्ट्रिप निघाली. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्याच नसतात. त्या अँटिबायोटिकमुळे सिमव्हास्टॅटिन रक्तात साचत जातं. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) भलतंच वाढलेलं होतं. दोन्ही थांबवल्या, आई सावरली. आज रोसुव्हास्टॅटिन घेते, कमी डोसात.

सासऱ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा, आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा न्या, ॲसिडिटीच्यासुद्धा. एक विचारायचं राहिलं: त्यांचे पाय आधीपासून दुखत होते, की माझा लेख वाचल्यावर दुखायला लागले?