बेवारस कोंबड्यांना घर देताना

अंडी उबवायला ठेवली की निघणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असणार, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही त्या नरांचे पुढे काय करायचे हा विचार ते आरवू लागेपर्यंत लांबणीवर टाकला जातो, आणि मग शेजाऱ्यांची तक्रार आली की एखाद्या रात्री कोंबडा खोक्यात घालून झाडीत सोडून दिला जातो. नरांची सोय आधी ठरवल्याशिवाय कोणी पिल्ले काढूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जो आपले नर खाण्यासाठीच वाढवतो आणि तसे उघडपणे सांगतो, तो मला असे गुपचूप सोडून येणाऱ्यापेक्षा अधिक जबाबदार वाटतो. (हे वाचून काही प्राणिप्रेमी मित्र रागावतील, याची मला कल्पना आहे.) अंड्यांच्या उद्योगात तर अंडी देणाऱ्या जातींची नर पिल्ले जन्मल्या दिवशीच मारण्याची पद्धत आहे, जर्मनीने २०२२ पासून तिच्यावर बंदी घातली आणि अंड्यातच लिंग ओळखण्याचे तंत्र तिथे वापरात आले. घरी पिल्ले काढणाऱ्याला ती सोय नाही.

सापडलेला कोंबडा पिसांमुळे अंगाने भरलेला दिसतो, पण छातीखाली बोटे फिरवली की मधले हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागते. पायांवरचे खवले उचकटलेले आणि त्यांखाली पांढुरका भुगा दिसला, तर तिथे बारीक किडींनी घर केले आहे असे समजावे आणि पशुवैद्याकडून औषध घ्यावे. त्याला पकडायचे ते रात्रीच; अंधारात त्याला फारसे दिसत नसल्यामुळे तो निमूटपणे हाती येतो. घरी आणल्यावर किमान महिनाभर त्याला इतर कोंबड्यांपासून दूर ठेवावे, त्याची भांडी वेगळी असावीत आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे, कारण रानीखेतसारखा आजार आपल्या चपलांवरूनही पसरतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य त्याला कायमचे घालू नये. त्यातील जादा कॅल्शियम नराच्या मूत्रपिंडांना बाधते.

आरवण्यावर हमखास तोडगा नाही. पहाटेचे आरवणे कोंबड्याच्या शरीरातील घड्याळावर चालते, हे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे खुराड्यात अंधार केल्याने आवाज थोडा दबतो, पण आरवणे थांबत नाही. गळ्याला पट्टा बांधून आवाज कमी करण्याचा प्रकार मला मान्य नाही. तो जरा घट्ट झाला तरी श्वास कोंडतो.

म्हणूनच नवे घर शोधताना ‘फार आरवत नाही’ असे सांगून कोंबडा कोणाच्या गळ्यात मारू नये. ‘फुकट देणे आहे’ एवढीच जाहिरात केली, तर झुंजी लावणारेही फोन करतात. त्यांना ओळखण्यासाठी मी जागा पाहिल्याशिवाय कोंबडा देत नाही: एकेक कोंबडा वेगळा बांधलेला किंवा तुरे कापलेले दिसले, की बोलणे तिथेच संपते. घेणाऱ्याकडे माद्या किती आहेत, हेही विचारावे लागते. एका नरामागे आठ-दहा माद्या असाव्यात, नाहीतर त्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते. माद्या नजरेसमोर नसतील आणि जागा ऐसपैस असेल, तर एकत्र वाढलेले नर बऱ्याचदा सलोख्याने राहतात. हा पर्याय फार कमी लोकांच्या लक्षात येतो.

कोंबडा देताना माझी एकच अट असते: जमले नाही तर तो इतरत्र न सोडता माझ्याकडे परत आणावा. त्यासाठी एक खुराडे कायम रिकामे ठेवावे लागते, आणि ते रिकामेच दिसत असताना नव्या कोंबड्याला ‘नाही’ म्हटले की लोकांना राग येतो. तो राग मी सहन करतो.